बिनदाण्याचं घर

४ फेब्रुवारी

बायकोने ही वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "जे काय ओरडायचं ते हिच्यात ओरडा. घरात माणसं राहतात." हॉटेल बंद झाल्यापासून माझा आवाज वाढलाय असं तिचं म्हणणं. आवाज मुळीच वाढलेला नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरात पंखे, शेगड्या आणि भांडी घासणाऱ्यांची भांडणं यांच्या वरताण बोलावं लागायचं. तोच आवाज आता घरी आलाय. घर लहान आहे, त्याला मी काय करू?

तर ओरडतो. मालकाने हॉटेल विकलं. नव्या मालकाला तिथे मोबाइलचं दुकान काढायचंय. जिथे मी इतकी वर्षं सॉस ढवळले तिथे आता लोक मोबाइलची कव्हरं निवडत बसतील. दुसऱ्या हॉटेलांत विचारून आलो. सगळ्यांना पोरं हवीत, पाकीट फोडून सॉस ओतणारी.

मी पाकीट फोडणार नाही. घरीच सॉस करणार, आणि कुणासाठी करायचे तेही ठरलंय.

आमच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. तीन वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने बिस्किटाचा एक घास खाल्ला आणि घरी येईपर्यंत तिचे डोळे सुजून बंद झाले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. त्या दिवसापासून या घरात दाणा आलेला नाही. हॉटेलातून आलो की मी आधी अंघोळ करायचो, मगच तिला हात लावायचो. समोरचे दोन दात मोठे म्हणून तिला आम्ही खारूताई म्हणतो. दाणे न चालणारी खारूताई जगात ही एकच असेल. आता दहा वर्षांची आहे, आणि स्वतःवरचे विनोद तिला माझ्यापेक्षा जास्त येतात.

तिच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाहेर बसलेले आईबाप नेहमी एकच बोलतात: बाजारातल्या सॉसच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता वाचता डोळे फुटायची वेळ आली. त्यांच्यासाठी करीन. दाणे नाहीत, तीळ नाहीत, अंडं नाही, मोहरी नाही, दूध नाही. आणि तरी चवीला सॉस. हे दुसऱ्या कुणाला जमलं तर मी स्वयंपाक सोडून देईन.

९ फेब्रुवारी

तयारी जोरात. घराची मागची खोली, जिथे जुने गाद्यांचे गठ्ठे होते, ती रिकामी केली. भिंती धुतल्या. नवी शेगडी, नवी पातेली, नवा मिक्सर, नवी फडकी. घरातलं एकही भांडं त्या खोलीत जाणार नाही. दारावर कागद चिकटवला: बाहेरचं खाणं आत आणू नये, हात कोपरापर्यंत धुवावेत, डोकं बांधावं, प्रश्न विचारू नयेत. शेवटचं कलम वाचून खारूताई म्हणाली, "हे ॲलर्जीसाठी आहे का बाबासाठी?"

बायको सकाळी चष्म्याच्या दुकानात जाते, म्हणून मदतीला मेव्हणीला बोलावलंय. तिचं शिवणकाम सध्या थंड आहे. बाटल्या उकळणं, भरणं, झाकणं लावणं तिच्याकडे. हात चपळ, पण तोंड त्याहून चपळ. डोकं बांधायला सांगितलं तर म्हणाली, "भाऊजी, ऑपरेशन कुणाचं आहे?"

माझं म्हणून या खोलीत एकच जुनं माणूस आलंय: ज्यांच्या हाताखाली मी स्वयंपाक शिकलो त्या वस्तादांनी दिलेला लाकडी डाव. हॉटेल सोडताना मी पगाराच्या हिशेबावरून भांडलो नाही, पण डाव कापडात गुंडाळून आणला. वस्ताद म्हणायचे, धातूचा डाव तळ खरवडतो, लाकडाचा डाव तळाशी बोलतो. हॉटेलात आमचा दाण्याचा घट्ट सॉस प्रसिद्ध होता. तो याच डावाने हजारदा ढवळला असेन. डाव पिऊन पिऊन काळा तुकतुकीत झालाय. आता टोमॅटो ढवळील. माझ्याबरोबर त्याचीही नोकरी बदलली. आणल्यावर मिठाने घासला, कढत पाण्यात बुडवला, उन्हात ठेवला. लाकडाला साबण लावायचा नाही, ही वस्तादांची शिकवण. साबण आत जातो आणि मग प्रत्येक पदार्थात डोकावतो.

१५ फेब्रुवारी

लाल सॉस झाला! टोमॅटो, कांदा, सफरचंदाचा गर, व्हिनेगर, लवंग, थोडी मिरी. सकाळभर मंद आचेवर. डाव पातेल्यात उभा राहिला तेव्हाच गॅस बंद केला. पहिला चमचा अर्थातच खारूताईला. उकडलेल्या बटाट्यावर घालून दिला.

तिने डोळे मिटून खाल्लं. "बाबा, हॉटेलसारखा!" ती हॉटेलातलं कधीच खाऊ शकली नव्हती, त्यामुळे हॉटेलसारखं म्हणजे काय हे तिला कसं कळणार? पण तिला माझ्या कपड्यांचा वास आठवतो म्हणाली. मी पाणी प्यायलो.

मग म्हणाली, "जीभ थोडी चुरचुरते." व्हिनेगर जरा जास्त पडलंय. पुढच्या वेळी कमी करीन.

२४ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या आईबापांना बाटल्या दिल्या, आता ते एकमेकांना सांगताहेत. आज एका मुलाचे वडील दारात आले. म्हणाले, माझा मुलगा पहिल्यांदा इतरांसारखा बटाट्याचे काप सॉसमध्ये बुडवून खात बसला होता. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं हॉटेलात लोकांनी तोंडभर कौतुक केलं, पण माझ्या सॉसने कुणी रडलं नव्हतं.

आता पांढरा सॉसही करतो. काबुली चणे शिजवलेलं पाणी मिक्सरमध्ये फेटायचं, धारेने तेल सोडायचं, लिंबू, मीठ. अंड्याशिवाय असा फुलून येतो की बघत राहावं. शिजवायचं नाही, ढवळायचं नाही, सगळं मिक्सरच करतो. त्यामुळे माझा त्यात जीव नाही. करतो लोकांसाठी.

आणि खारूताईला नेमका तोच आवडायला लागलाय! आज जेवताना लाल वाढायला गेलो तर ताटली सरकवून म्हणाली, "मला पांढरा दे ना." मी म्हटलं, अगं, तो मिक्सरचा सॉस, हा तुझ्या बाबाचा. तिने माझ्याकडे बघितलं आणि ताटली परत पुढे केली. दोन चमचे खाल्ले. नंतर बराच वेळ जिभेने ओठ चाटत होती. आवडला असणार.

६ मार्च

डोकं फिरलंय. खारूताईच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, ज्यांच्या मुलाला दाणे चालत नाहीत, त्यांचा फोन आला. काल संध्याकाळी मुलाचा ओठ सुजला, अंगावर गांधी उठल्या. औषध दिल्यावर उतरलं. "तुमच्यावर आरोप नाही करत," म्हणाल्या, "पण त्याने कालच्या दिवसात नवीन असं फक्त तुमचा लाल सॉसच खाल्लाय."

आरोप नाही करत म्हणजे काय करतात? मी सांगितलं, बाई, माझ्या घरात गेली सात वर्षं दाणा नाही. माझ्या मुलीला हाच त्रास आहे आणि ती तोच सॉस खाते. याहून मोठा पुरावा काय देऊ? त्या म्हणाल्या, "हो, तेही खरंच."

शाळेत मुलं एकमेकांचे डबे चाटतात, ते कुणी बघत नाही.

७ मार्च

तरी झोप नीट लागली नाही. आज सगळं मुळापासून बघितलं. टोमॅटोवाला बदलला, कारण त्याच्या शेजारच्या गाळ्यात सुका मेवा विकतात. व्हिनेगर दुसऱ्या कंपनीचं आणलं. लवंग, मिरी अख्खी आणून घरीच कुटली. पातेली घासली, शेगडी सुटी करून घासली, जमीन दोनदा पुसली. डावसुद्धा मिठाने घासला. वापरून वापरून त्याच्या कडेला आता बारीक रेषा पडल्यात, थोडं लाकूड पिंजलंय. म्हातारा होत चाललाय बिचारा.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "पांढऱ्याची तक्रार आली का कुणाची?"

"नाही."

"मग लालचीच का आली?"

"कारण लाल लोक जास्त खातात," मी म्हटलं. तिला असं अर्धवट विचारून गप्प बसायची सवय आहे आणि माझी भूक त्याने मरते.

१३ मार्च

खारूताईचं पोट दुपारपासून दुखतंय. खोकतेही आहे. हवा बदलतेय. शाळेत निम्मा वर्ग खोकतोय.

बायको ऐकेना. खारूताईला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, छाती ऐकली, मग मला विचारलं, "घरात अलीकडे नवीन काय काय आलंय?" मी बोटांवर मोजून सांगितलं. नवी शेगडी, नवी पातेली, नवा मिक्सर, नवी फडकी, बाटल्या, व्हिनेगर, टोमॅटोवाला, मेव्हणी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "थोडे दिवस तिला सॉस देऊ नका. आणि ॲलर्जीच्या झटक्यावरचं इंजेक्शनचं पेन हाताशी ठेवा, कपाटात नको."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "थोडे दिवस बंदच ठेवू या का हे सगळं?" मी म्हटलं, बंद ठेवलं की लोक म्हणतील, बाईंचं खरं होतं. ती म्हणाली, "लोकांचं जाऊ द्या. मला पोरीचं बघायचंय." जसं काही मला नाही बघायचं! ही सगळी उठाठेव कुणासाठी चाललीय?

घरी येताना खारूताई मध्ये चालत होती, दोघांचा एकेक हात धरून. मग म्हणाली, "मला दोन्ही सॉस आवडतात हं."

१९ मार्च

सापडलं!

मेव्हणी बाहेर बाटल्या आणायला गेली होती. तिची पिशवी दाराशी होती. मी दुसऱ्याची पिशवी उघडणारा माणूस नाही, पण आज उघडली. आत दाण्याच्या बिस्किटांचा पुडा, अर्धा खाल्लेला. दाराला कागद चिकटवलाय, रोज तिच्या डोळ्यांसमोर आहे, आणि पिशवीत हे!

ती आली तेव्हा पुडा मी टेबलावर ठेवला होता. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. वहीसुद्धा फाटेल. ती म्हणाली, "भाऊजी, ती मी बसमध्ये खाते. इथे आल्यावर हात धुते, तोंड धुते, चूळ भरते. पिशवी कधी आत आणली का मी? खारूताईवर माझा जीव नाही का?" मी म्हटलं, जीव असता तर जिभेला आवर घातला असता. तिने डोक्याला बांधलेलं कापड सोडलं, घडी केली, टेबलावर ठेवलं आणि गेली. इतकी बोलकी बाई, जाताना एक शब्द बोलली नाही.

बायकोने रात्री मला जेवायला वाढलं नाही. घेतलं आपलं आपण. पण मन हलकं आहे. कारण कळलं की भीती जाते.

२२ मार्च

आज एकट्याने सगळं केलं. किती स्वच्छ वाटतं खोलीत एकटं असलं की! कुणाची पिशवी नाही, कुणाचं तोंड नाही. टोमॅटो फार रसाळ निघाले, त्यामुळे आटायला वेळ लागला. तळाला लागू नये म्हणून डाव दाबून दाबून फिरवत होतो, मनगट भरून आलं. रंग असा आलाय की बाटलीत भरवेना.

उद्या सुट्टी आहे. दुपारी खारूताईला बटाट्याचे काप तळून देतो आणि सोबत ताजा लाल. पोटदुखी केव्हाच थांबलीय. बायको कामावर असेल. ती आली की सांगीन, बघ, खाल्ला आणि काही झालं नाही.

२५ मार्च

खारूताई दवाखान्यात आहे. श्वास आता स्वतःचा स्वतः घेते.

लिहायचं म्हणून बसलोय. काप तिने आवडीने खाल्ले. सॉस बराच घेतला, कारण मीच म्हणत होतो, घे गं, घे. मग तिने गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, आत काहीतरी बंद होतंय." इतक्या शांतपणे म्हणाली. पेन फ्रिजवर होतं. मी ते तिच्या मांडीत खुपसलं आणि दाबून धरलं, शिकवलं होतं तसं. तिला उचलून जिना उतरलो. शेजाऱ्याने गाडी काढली. वाटेत तिचे ओठ निळे पडले. मी तिच्याशी बोलत होतो, पण काय बोलत होतो ते आठवत नाही. शेजारी सांगतो की मी सबंध रस्ताभर सॉसची कृती सांगत होतो.

दवाखान्याच्या दारात तिला माझ्या हातातून घेतलं आणि आत नेलं. बायको धावत आली. तिने मला विचारलं नाही की काय खाल्लं. माझ्या शर्टावर लाल डाग होते, ते तिने बघितले.

२८ मार्च

घरी आणली. वाळलीय. डोळ्यांखाली काळं झालंय. येताना गाडीत माझ्या खांद्यावर झोपली.

बायकोने मागच्या खोलीतल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. मोरी दिवसभर लाल होती. मी थांबवलं नाही. पण माझ्या डोक्यातून जात नाही की झालं कसं? मेव्हणी नव्हती. टोमॅटो नवे, व्हिनेगर नवं, मसाला घरचा. मी एकटा होतो खोलीत. कुठून आला दाणा? जे दिसत नाही त्याच्याशी माणसाने भांडायचं कसं?

३० मार्च

दुपारी दोघी झोपल्या होत्या. हाताला काम नसलं की मला वेड लागतं. डावाच्या कडेचं लाकूड पिंजलेलं होतं, ते साफ करावं म्हणून मागच्या खोलीत खिडकीशी बसलो. पॉलिशचा कागद घेऊन घासायला लागलो. वरची काळी कातडी निघाली, आतलं तांबूस लाकूड दिसायला लागलं.

तेवढ्यात कुणीतरी दाणे भाजत असल्याचा वास आला.

इतका संताप झाला! शेजाऱ्यांना सगळं माहीत आहे, पोरगी परवा घरी आलीय, आणि हे खुशाल दाणे भाजतात. उठून खिडकी लावली. दार लावलं. खालच्या फटीत फडकं कोंबलं. परत येऊन बसलो आणि घासायला लागलो.

वास वाढला.

मी थांबलो. वास थांबला नाही, पण वाढायचा थांबला. परत चार हात घासलं. हातावर तेलकट भुसा जमला होता. तो नाकाशी नेला. आमचा हॉटेलचा सॉस. भाजलेला, दळलेला, वर्षानुवर्षं आत मुरलेला. मी डोळे मिटून सांगू शकतो असा.

मग उठलो, कपडे काढून पिशवीत बांधले, अंघोळ केली. परत अंघोळ केली. हातांना वास येतच होता.

मीच. दुसरं कुणी नाही. मी तिला माझ्या हाताने खाऊ घालत होतो, आणि ती नको म्हणाली तरी खाऊ घालत होतो.

३१ मार्च

बायकोला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ती खाली बसली आणि भिंतीला डोकं टेकून रडली. मीही तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. डाव मी डबल पिशवीत बांधून गावाबाहेरच्या कचऱ्यात टाकून आलो. वस्तादांची आठवण वगैरे काही आली नाही.

ती म्हणाली, "तिला नका सांगू."

"का?"

"टोमॅटोत काहीतरी होतं म्हणू. तिचा तुमच्यावर विश्वास आहे. आधीच जगात तिला खायला घालणारी चार माणसं. त्यातला एक कमी झाला तर ती कुणाकडे बघून जेवणार?"

तिचं म्हणणं पटलं. इतकं पटलं की मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणूनच मग पटेनासं झालं.

२ एप्रिल

सांगितलं.

ती पलंगावर चित्र काढत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. डाव, हॉटेल, दाण्याचा सॉस, पॉलिशचा कागद. मावशीचा काही दोष नव्हता हेही सांगितलं. ती ऐकत होती. खडू हातातच होता.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही गं राणी. शपथ."

तिने विचार केला. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "पण तू म्हणायचास, तुला सगळं माहीत आहे. मग आता पण असं काहीतरी असेल ना, जे तुला माहीत नाही?"

मी तिच्या चादरीची घडी सरळ करत राहिलो.

आणि मग अगदी हळू म्हणाली, "मी जीभ चुरचुरते म्हटलं होतं."

५ एप्रिल

ज्यांना ज्यांना सॉस दिला त्या सगळ्यांना फोन केले. काहींनी फोन ठेवून दिला. ज्यांचा मुलगा बटाटे बुडवून खायचा ते वडील नुसते "बरं" म्हणाले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. गणिताच्या बाईंच्या घरी स्वतः गेलो. त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही इतक्या खात्रीने बोललात की मला माझ्याच मुलाचा संशय आला." मी ते पाणी पिऊ शकलो नाही.

मेव्हणीकडे गेलो तेव्हा ती मशीनवर होती. मशीन थांबवलं नाही. मी उभ्यानेच बोललो. संपल्यावर म्हणाली, "झालं? आता बसा. आणि भाऊजी, इथे बिस्किटं आहेत, माझ्या पिशवीत बघू नका." मग डोळे पुसले आणि परत मशीन चालवायला लागली.

१७ एप्रिल

खारूताई माझ्या हातचं खात नाही. भांडत नाही, रुसत नाही. आई उकडून देते ते बटाटे खाते, केळी स्वतः सोलून खाते. मी स्वयंपाकघरात असलो तर येऊन डोकावते आणि परत जाते. काल बायकोला उशीर झाला. मी भाजी केली, नव्या भांड्यात, नव्या स्टीलच्या चमच्याने. ती भुकेली होती. ताटलीकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई आल्यावर जेवीन. तू रागावू नकोस हं."

मी जिन्यात जाऊन बसलो. माझं सगळं आयुष्य लोकांना खाऊ घालण्यात गेलं आणि माझंच लेकरू मला न दुखावता उपाशी बसलंय. रडू आलं, येऊ दिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला घाई करू नका. बायको म्हणते, सांगितलंत हे बरं केलंत. तिला आता असं वाटतं. मला कधी वाटतं, कधी नाही.

४ मे

आज दुपारी मी भेंडी चिरत होतो. स्वतःसाठीच. खारूताई दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मी प्रश्न विचारू का?"

"विचार ना."

"हा चमचा कधीचा?"

"मार्चनंतर घेतला. तुझ्या आईने."

"फळी?"

"काचेची. नवी."

आत आली. ओट्याला पाठ टेकून उभी राहिली आणि विचारत सुटली. हॉटेलात मला कुणी एवढे प्रश्न विचारले असते तर मी त्याला बाहेर काढलं असतं. मी एकेकाचं उत्तर देत होतो आणि सुरी चालवत होतो. भाजी झाली. तिने स्वतःची ताटली आणून माझ्यासमोर धरली, पण वाढायला गेलो तशी मागे घेतली.

"आता सांग, तुला काय काय माहीत नाही?"

मी गॅस बंद केला आणि खरोखर विचार केला. असा विचार मी आयुष्यात कधी केलेला नाही.

"भेंडी विकणाऱ्याने सकाळी काय खाल्लं होतं ते माहीत नाही," मी म्हटलं. "त्याचे हात कसे होते ते माहीत नाही. म्हणून ती मी तीन पाण्यांनी धुतली. ज्या गाडीतून आली त्या गाडीत आधी काय होतं ते माहीत नाही. तेलाची बाटली बंद होती, पण ज्या कारखान्यात भरली तिथे मी गेलेलो नाही. नळाच्या टाकीत मी कधी डोकावलो नाही. आणि मी काही विसरलोय का, तेही मला माहीत नाही."

ती मान हलवत ऐकत होती, डॉक्टरीणबाई छाती ऐकतात तशी. मग ताटली टेबलावर ठेवली, जाऊन पेन आणलं आणि ताटलीच्या उजव्या हाताला, पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलं.

"वाढ," म्हणाली.

थोडीशीच वाढली आणि तिच्यासमोर बसलो. तिने एक फोड उचलली, ओठाला लावली, थांबली. जीभ टेकवली, पुन्हा थांबली. मी तिच्या ओठांकडे बघत होतो आणि माझे हात टेबलाखाली एकमेकांत अडकवून धरले होते. घे गं, असं मी म्हटलं नाही. तिने फोड तोंडात टाकली, सावकाश चावली आणि गिळली. आम्ही दोघंही वाट बघत बसलो. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

मग तिने दुसरी फोड उचलली.